हिरव्या बनातीचं टेबल

गेल्या श्रावणात पुण्याहून कन्येचा फोन आला. नवीन घराची वास्तुशांत झाली, सामान लागलं, आता दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात तिला एक जुनं टेबल हवं होतं. साधंसुधं नव्हे, पत्ते खेळायचं. वर हिरवं कापड लावलेलं, घडी घालून भिंतीला लावून ठेवता येईल असं. "बाबा, तुम्ही इतिहासाचे मास्तर. देवळालीला इंग्रजांच्या वेळचं सामान मिळतं म्हणतात. बघाल का?"

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. आमची सौ. माझ्याकडे बघतच राहिली. कारण आमच्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आलेला नाही. एकलहऱ्याच्या वसाहतीत क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा नाही आणि निवृत्तीनंतर गावात बांधलेल्या या घरातही नाही. मुलं लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत शेजारी जाऊन बदाम सात, झब्बू खेळून येत. पण आमच्या उंबऱ्याच्या आत पत्ते नाहीत हा माझा नियम. तो का, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज सांगणार आहे, पण आधी टेबलाबद्दल. मास्तरकीची सवय, धडा क्रमानंच घ्यायचा.

शोधायला निघण्यापूर्वी काय शोधायचं ते माहीत हवं. दुकानदार ज्याला सरसकट 'फेल्ट' म्हणतात ते बऱ्याचदा फेल्ट नसतंच. फेल्ट म्हणजे आपला नमदा. लोकर ओली करून, दाबून, एकमेकांत गुंतवून केलेला; त्यात विणकाम नाही. जुन्या चांगल्या टेबलांवर असते ती बनात. लोकरीचं सूत मागावर विणायचं, ते कापड पाण्यात तुडवून आटवायचं, मग वर लव उभी करायची आणि ती कातरून सारखी करायची. अशा कापडावर पत्ता टाकला तर आवाज होत नाही, घसरत नाही आणि बोटाच्या टोकानं सहज उचलता येतो. गुळगुळीत लाकडावर पडलेला पत्ता उचलायचा प्रयत्न करून बघा, म्हणजे बनातीची किंमत कळेल.

बनात हा शब्द आता कोणी वापरत नाही, पण माझ्या आजीच्या बोलण्यात बनातीची टोपी, बनातीचा डगला असे. सकलाद हा तिचाच भाऊबंद. या कापडाची गंमत अशी, की सतराव्या शतकात इंग्रज कंपनी सुरतेला आली तेव्हा तिनं विकायला जो माल आणला त्यात ही विलायती बनात महत्त्वाची होती. आता सुरतेच्या उन्हात लोकरीचे कपडे कोण घालणार? माल उठेना. जी खपली ती बरीचशी हत्तींच्या झुली, खोगिरं, पालख्यांची आच्छादनं आणि तंबू यांच्यासाठी. माणसांच्या अंगावर फारशी न चढलेली ही बनात पुढे साहेबाच्या मागोमाग आली आणि टेबलावर चढून बसली.

आणि हिरवीच का? तर बिलियर्ड्स हा मुळात हिरवळीवर चेंडू ढकलण्याचा खेळ. पंधराव्या शतकाच्या सुमाराला युरोपात तो घरात, टेबलावर आला, तेव्हा गवताचा रंग बरोबर घेऊन आला असं सांगतात. पत्त्यांच्या टेबलानं तोच रंग उचलला.

आपल्याकडे मात्र खेळायला टेबल कधी लागलंच नाही. आपण जमिनीवर बसणारी माणसं. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलात तर दगडात कोरलेले खेळांचे पट, खळग्यांच्या ओळी दिसतील. तिथे निवांत बसलेल्या कोणीतरी जमिनीचाच पट केला. सारीपाट तर कापडाचाच असे. चार पट्ट्यांची फुली, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन रांगा, म्हणजे सगळी मिळून ९६ घरं. सोंगट्या १६. खेळ संपला की सोंगट्या आत घालून पटाची गुंडाळी करायची आणि फडताळात ठेवायची. साहेबानं टेबलाला कापड लावलं. आपल्याकडे कापड हेच टेबल होतं.

खेळाला आपल्याकडे देवांचाही वशिला आहे. वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकांच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, त्या दिवशी खेळायला शास्त्राची परवानगी. पत्तेही आपल्याकडे इंग्रजांनी आणले नाहीत. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, गोल आणि हातानं रंगवलेली, १२० पानांची: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. तीही जमिनीवर चादर अंथरूनच खेळायची.

असो. भाद्रपदात ऊन पडल्यावर मी शोधाला बाहेर पडलो. सोबत आमच्या शाळेतले सुतारकाम शिकवणारे निवृत्त सर. त्यांचं वय ७८, पण लाकडाच्या बाबतीत डोळा अजून साफ. त्यांनी पिशवीत तीन वस्तू घेतल्या: टॉर्च, मोजपट्टी आणि भिंग. मी म्हटलं, "सर, आपण टेबल घ्यायला चाललोय की पंचनामा करायला?" (हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला, पण नंतर दिवसभर डोक्यात राहिला. का, ते पुढे येईल.)

देवळाली कॅम्प आमच्यापासून फार लांब नाही. १८६१ पासून ती लष्कराची छावणी. विलायतेहून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या गोऱ्या शिपायांचा तिथे मुक्काम असे. बोटीची वाट बघत, काम नाही, उन्हाळा अंगावर. त्या कंटाळ्यानं डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत अजून 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच आला. तोफखान्याची शाळाही इथे आली. जिथे छावणी तिथे मेस, जिथे मेस तिथे बनातीची टेबलं, हा सरळ हिशोब.

या बनातीवर साहेब काय करत होते तेही सांगतो. १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं (नंतर पंतप्रधान झाले ते वेगळे) आधीच्या बिलियर्ड्सच्या प्रकारांत रंगीत चेंडू मिसळून नवा खेळ काढला. तोच स्नूकर. त्याचे नियम १८८२ साली उटीच्या क्लबात टांगले गेले. आज जगभर खेळतात तो हा खेळ आपल्या मध्य प्रदेशातल्या पावसाळ्यात जन्मला. ज्या प्रकारांतून तो निघाला ते पैसे लावून खेळायचे प्रकार होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आता नकाशा मुंबईकडे न्या. १८३३ साली निघालेल्या भायखळा क्लबात भारतीयांना सभासदत्व नव्हतं. भारतीय आणि युरोपीय दोघांना घेणारा विलिंग्डन क्लब निघायला १९१८ उजाडावं लागलं. तोपर्यंत अशा क्लबांतल्या टेबलाशी आपल्या माणसाचं नातं एकच. तो चेंडू मांडायचा, गुण मोजायचा, बनात लवेच्या दिशेनं ब्रशानं झाडून इस्त्री करायचा. त्याला मार्कर म्हणत. कापड त्यानं राखायचं, खेळ दुसऱ्यांनी खेळायचा.

तर दुकानांकडे येतो. कॅम्पातल्या पहिल्या दुकानात एक बिलियर्ड्सचं टेबल सुटं करून भिंतीला टेकवलेलं होतं. पूर्ण टेबल १२ फूट बाय ६ फूट, बनातीखाली पाटीच्या दगडाचे जाड पाच तुकडे, वजन टनाच्या पुढे. कन्येच्या फ्लॅटचा स्लॅब आठवून आम्ही पुढे सरकलो. जाताजाता दुकानदारानं जुने हस्तिदंती चेंडू आहेत, दाखवू का, असं हळूच विचारलं. नको म्हटलं. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. तुम्हीही असा मोह टाळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानात आमच्या सरांची शिकवणी झाली. त्यातलं थोडं तुमच्यासाठी लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल.

व्यापारातला संकेत असा, की शंभर वर्षांहून जुनं ते अँटीक, त्याहून अलीकडचं पण जुनं ते विंटेज. हा केवळ कौतुकाचा फरक नाही. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षांपलीकडच्या कलेच्या नि ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू विकायला परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तेव्हा एखादा "दीडशे वर्षांचं" म्हणाला की शांतपणे परवाना विचारावा. टेबलाचं वय झटकन कमी होतं.

टेबल वरून बघू नये, उलटं करून बघावं. वरून पॉलिश कोणीही करतो, पोटाकडून कोणी करत नाही. खरं जुनं लाकूड खालून कोरडं आणि सारखं काळवंडलेलं असतं. स्क्रू बघावेत. हातानं केलेल्या स्क्रूची खाच मधोमध नसते. अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. गोल टेबल असेल तर दोन्ही बाजूंनी मोजावं. लाकूड रेषेच्या आडव्या अंगानं आटतं, त्यामुळे जुनं गोल टेबल खरं तर गोल राहिलेलं नसतं. सांधे सरसानं चिकटवलेत की आजकालच्या गोंदानं, तेही भिंगातून कळतं. आणि बनात मूळची आहे असं कोणी म्हटलं तर हसून ऐकावं. बनातीला कसर लागते, चहा सांडतो, सिगारेटनं भोकं पडतात. ती बदलावीच लागते. कडेची पट्टी जरा उचलून खाली चुकांच्या भोकांच्या किती रांगा आहेत ते मोजावं. जितक्या रांगा तितक्या बनाती.

कॅम्पातलं प्रत्येक टेबल 'मेसमधलं' होतं. तिथे जमलं नाही म्हणून पंचवटीनं मुंबईला गेलो, चोरबाजारात. मटण स्ट्रीटच्या दुकानांत प्रत्येक टेबल 'नवाबसाहेबांकडचं' निघालं. एक शिसवी टेबल मात्र खरोखर देखणं होतं. अर्धगोल, उघडलं की पूर्ण गोल, मागचा एक पाय दारासारखा फिरून फळीला आधार देणारा. अठराव्या शतकातल्या विलायती टेबलांची हीच रीत. खेळ नसेल तेव्हा भिंतीशी अर्धचंद्र होऊन उभं राहायचं. किंमत ऐकून आम्ही दोघांनी चहा घेतला आणि गाडी पकडली.

शेवटी टेबल मिळालं ते पुन्हा देवळाली कॅम्पातच, एका लहानशा गाळ्यात, खुर्च्यांच्या ढिगाखाली. चौकोनी, सागवानी, दोन फळ्यांची घडी, फिरता पाय. चारी कोपऱ्यांत बशीसारखे उथळ खळगे. पूर्वी अशा जागी मेणबत्त्या ठेवत, पैशांसाठीही खळगे असत. बनात हिरवी राहिली नव्हती, वाळक्या शेवाळासारखी झाली होती, मधे कसरीनं खाल्लेली. दुकानदार म्हणाला, "सर, सव्वाशे वर्षं." आमच्या सरांनी ते उलटं केलं, टॉर्च मारला आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "पन्नास सालच्या आसपासचं आहे. जास्त नाही. पण काम प्रामाणिक आहे." पट्टी उचलली तर चुकांच्या तीन रांगा.

म्हणजे टेबल माझ्याच वयाचं. मी हात ठेवला तिथे, आणि मला अण्णा आठवले. आता नियमाची गोष्ट सांगतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीच्या मागे साहेबलोकांचा क्लब होता. एकदा संध्याकाळी सहीचे कागद घेऊन अण्णा तिथे गेले, सायकलच्या दांडीवर मी. आत दिव्याखाली हिरवं टेबल, भोवती चार साहेब, मधे नोटा. रमी चालली होती. मी जवळ जाऊन त्या कापडाला बोट लावलं. शिपाई ओरडला, तर एक साहेब म्हणाले, "असू दे, लहान आहे." त्या कापडाचा स्पर्श मला अजून आठवतो. मांजराच्या पाठीसारखा.

त्याच वर्षी, १९६१ साली, दिवाळीच्या पाडव्याला आमच्या आळीत लिंबाखाली सहा-सात जण पत्ते खेळत बसले होते, त्यात अण्णा. खाली आमची काळी घोंगडी अंथरलेली. अचानक पोलीस आले. पंचनाम्यात लिहिलं गेलं: पत्त्यांचा कॅट एक, रोख रुपये ११ आणि ४० नये पैसे, काळी घोंगडी एक. अण्णांचं नाव वर्तमानपत्रात आलं. गुन्हा कबूल करून त्यांनी दंड भरला, कारण वकिलाला द्यायला पैसे नव्हते. कचेरीनं काही महिने घरी बसवलं आणि बढती पुढे ढकलली. सही तीच मंडळी करणार होती, जी हिरव्या टेबलाभोवती बसत. घोंगडी परत आली नाही. त्या हिवाळ्यात आईनं आम्हाला जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली.

शाळेत मुलं मला 'जुगाऱ्याचा' म्हणायला लागली. मी अकरा वर्षांचा. मी अण्णांच्या सायकलवर बसणं सोडलं. एकदा त्यांनी दांडीवर हात थोपटून "चल" म्हटलं तेव्हा मी चालत निघालो. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर अण्णांनी पत्त्याला हात लावला नाही आणि मोठेपणी मी माझ्या घरात नियम केला. १९८८ साली ते गेले.

आता इतिहास काय सांगतो ते बघा. अण्णांना ज्या कायद्यानं धरलं तो मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. म्हणजे जबलपूरच्या मेसमध्ये स्नूकर निघाल्यानंतर बारा वर्षांनी केलेला. उघड्यावर जुगार खेळणाऱ्याला पोलिसांनी धरावं, साधनं जप्त करावीत, असं त्यात आहे. पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात असंही लिहिलंय, की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. १९६७ साली आंध्रातल्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तशाच प्रकारच्या कायद्याचा विचार करताना म्हटलं, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कुठलं पान गेलं ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं, काय टाकायचं ते ठरवावं लागतं. तीन पत्तीसारखा तो केवळ नशिबाचा नाही. (क्लबच पैसे कमवायला लागला तर गोष्ट वेगळी, हेही न्यायालयानं सांगितलं.) हा निकाल अण्णांच्या पाडव्यानंतर सहा वर्षांनी लागला.

मग पाडव्याला घोंगडीवर अण्णा काय खेळत होते? आई म्हणे, रमी. आळी म्हणे, तीन पत्ती. खरं काय ते फक्त अण्णांना माहीत होतं. मी ३३ वर्षं पोरांना शिकवलं, की इतिहासात ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, साक्षीदार शोधा, त्याला प्रश्न विचारा. आणि घरातला साक्षीदार २७ वर्षं माझ्यासमोर रोज जेवायला बसत होता, त्याला मी एक प्रश्न विचारला नाही. निकाल मात्र अकराव्या वर्षीच देऊन टाकला.

मला आता असं वाटतं, की पत्ते तेच, पैसे तेच, माणसंही एकाच कचेरीतली. फरक एवढाच की एका ठिकाणी खाली बनात होती आणि दुसऱ्या ठिकाणी घोंगडी. बनातीवर झाला तो खेळ, घोंगडीवर झाला तो गुन्हा. दोन्ही लोकरीच्याच. कायद्यानं असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण पोलीस क्लबाच्या पायऱ्या चढत नव्हते आणि लिंबाखाली यायला पायऱ्या नव्हत्या. जुगाराची मी तरफदारी करत नाही. पत्त्यांपायी जमीन घालवलेली घरं या पंचक्रोशीत मी पाहिलीत. पण मी अण्णांकडे पाहिलं ते आळीच्या डोळ्यांनी, हे खरं.

आणि बनातीवर नाव काढलं की देश डोक्यावर घेतो, तेही याच काळातलं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कोणत्याही खेळातले पहिले भारतीय जगज्जेते म्हणून त्यांचं नाव घेतात. १९६४ साली ते न्यूझीलंडला पुन्हा जिंकले, १९६५ साली पद्मश्री मिळाली. अलीकडे, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या दोघांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक आणलं. बर्धनांचं वय तेव्हा साठ. पत्त्यांनी सोनं! त्या दिवशी मी टीव्ही बंद करून फिरायला गेलो होतो. सौ.ला वाटलं, पाय मोकळे करायला गेले.

टेबल १४ हजाराला घेतलं. पस्तीसपासून उतरवलं ते सरांनी. आमच्या ओळखीच्या सुताराकडे पॉलिशला दिलं, जुनी बनात काढली, नवी मुंबईहून मागवली. कन्या टेबल न्यायला टेम्पो घेऊन आली तेव्हा व्हरांड्यात बसून तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, वर बनातीऐवजी घोंगडी लावूया का? आजोबांची आठवण." कल्पना गोड होती. पण मी नको म्हटलं. घोंगडीवर माणसं मांडी घालून बसतात, ती टेबलावर कशाला चढवायची? बनातीच्या टेबलावर बनात राहू दे. फक्त काढलेल्या बनातीचा एक तुकडा मी ठेवून घेतलाय, डांबराच्या गोळ्या घालून.

पाडव्याला आम्ही दोघं पुण्याला गेलो. टेबल कोपऱ्यात झकास दिसत होतं. नातीनं कॅट आणला आणि मेंढीकोट खेळूया म्हणाली. बसायला गेलो तर टेबलाला बाजू चार आणि आम्ही माणसं सहा. दोघांनी नुसतं बघत बसायचं? मग काय, सतरंजी आणली, जमिनीवर अंथरली आणि सगळे खाली बसलो. टेबल आपलं भिंतीशी घडी घालून उभं.

चौसष्ट वर्षांनी पानं हातात घेतली. मला ती पंख्यासारखी धरता येईनात, दोन निसटून खाली पडली. नातीनं माझ्या हातातून घेतली, नीट लावून दिली आणि म्हणाली, "आजोबा, असं धरा. आणि तुमची पानं कुणाला दाखवू नका." हुकूम बदाम होता.